लोह काढणारं औषध किडनीला का बाधतं, आणि रेणूत नेमकं काय बदलायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी लातूरला एम. फार्म. करते. थॅलेसेमियाच्या मुलांना दिलं जाणारं डेफेरासिरॉक्स किडनीला त्रास देतं असं वाचलं. प्रबंधासाठी किडनीला कमी बाधणारा लोहबंधक रेणू तयार करायचा विचार आहे. लोह आणखी घट्ट धरणारा रेणू केला तर डोस कमी लागेल आणि किडनी वाचेल, हे बरोबर आहे का? किंवा औषध लघवीऐवजी शौचावाटे बाहेर जाईल असं केलं तर?"

दोन्ही कल्पना तर्काला धरून आहेत, त्यामुळे तुमच्याआधी त्या पुष्कळांना सुचल्या आहेत. पण आज वापरात असलेली तीन औषधं (डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन आणि डेफेरॉक्सामिन) शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर दोन्ही कल्पना तिथंच अडतात. मी औषधरसायनाच्या बाजूचा माणूस. बरीच वर्षं हैदराबादला रेणू बनवण्यात गेली, आता छत्रपती संभाजीनगरला शिकवतो. तेव्हा हे उत्तर डॉक्टरी सल्ला म्हणून वाचू नका. मात्र एखाद्या थॅलेसेमियाग्रस्त लेकराचे आईवडील हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक-दोन कामाच्या गोष्टी मधे येतील.

आधी हिशेब मांडू. थॅलेसेमियात वारंवार चढवाव्या लागणाऱ्या रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीरातून दिवसाला सुटतं ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम, तेही त्वचेच्या आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यांच्याबरोबर. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय निसर्गानं ठेवलेलीच नाही. ज्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याच्यावर किलोमागे दिवसाला सरासरी ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम लोहाचा भार पडतो. ३० किलोचं मूल धरा आणि मधला ०.४ हा आकडा घ्या, तर रोज १२ मिलिग्रॅम लोह बाहेर काढायचं आहे.

१२ मिलिग्रॅम लोह म्हणजे ०.२१५ मिलिमोल. डेफेरासिरॉक्सचे दोन रेणू मिळून एक लोह धरतात आणि त्याचा रेणुभार ३७३ आहे, म्हणजे कागदावर १६० मिलिग्रॅम औषध पुरायला हवं. प्रत्यक्षात फिल्मकोटेड गोळी किलोमागे २१ मिलिग्रॅमनं दिली तरी ६३० मिलिग्रॅम होते. म्हणजे पोटात गेलेल्या औषधातलं तीन चतुर्थांश लोह न धरताच बाहेर पडतं. डेफेरिप्रोनचं गणित तर अजून विचित्र आहे. त्याचे तीन रेणू एक लोह धरतात, रेणुभार १३९, म्हणजे ९० मिलिग्रॅम पुरायला हवं. रोजचा डोस मात्र किलोमागे ७५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला २,२५० मिलिग्रॅम. शंभरातले शहाण्णव रेणू रिकामे!

इतके रेणू वाया जातात ते पकड कमी पडते म्हणून नव्हे. शरीरातलं बहुतेक लोह फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या पोटात, हिमोग्लोबिनमध्ये नाहीतर एन्झाइमांत बंदिस्त असतं. औषधाच्या हाताला लागेल असं सुटं लोह कोणत्याही क्षणी थोडंच असतं आणि ते हळूहळू सुटत राहतं. पकड दहापट वाढवली तरी सुटं लोह दहापट होत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळतं: घट्ट पकडीमुळे डोस फारसा उतरत नाही. उलट सुटं लोह संपलं की घट्ट पकडीचा रेणू, पेशीला जे लोह जगायला लागतं त्यालाच हात घालतो.

पकड मोजायला आपण पीएफई हा आकडा वापरतो. तो जितका मोठा, तितकी पकड घट्ट. १ मायक्रोमोलर लोह, १० मायक्रोमोलर बंधक, पीएच ७.४, आणि या स्थितीत पाण्यात मोकळं लोह किती उरतं त्याचा ऋण लॉगॅरिदम. डेफेरॉक्सामिन २६.६, डेफेरासिरॉक्स २२.५, डेफेरिप्रोन साधारण २०.५. सगळ्यांत घट्ट पकड डेफेरॉक्सामिनची. ते एकटंच सहा हातांनी लोहाला पूर्ण वेढतं. नेहमीच्या डोसला ते किडनीला फारसं छळत नाही (शिरेतून मोठ्या मात्रेत दिल्यावर किडनी बिघडल्याच्या नोंदी आहेत), पण ते पोटातून शोषलंच जात नाही. रात्रभर आठ ते बारा तास पंपानं कातडीखाली सोडावं लागतं, आठवड्यातून पाच ते सात दिवस. पकड सर्वांत सैल डेफेरिप्रोनची, आणि त्याची खरी भीती किडनीची नसून पांढऱ्या पेशी अचानक पडण्याची आहे. मधल्या पकडीचं डेफेरासिरॉक्स मात्र औषधपत्रकात किडनीसाठी चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा मिरवतं. पकड आणि किडनीचा त्रास यांची सरळ रेघ जुळत नाही, ती अशी.

आता दुसरी कल्पना. डेफेरासिरॉक्सचा सुमारे ८४ टक्के भाग शौचावाटे जातो, लघवीवाटे जेमतेम ८ टक्के. डेफेरिप्रोन जवळजवळ सगळं लघवीतून जातं, सोबत धरलेलं लोहही. तरीही किडनीचं दुखणं पहिल्याच्या नावावर आहे. किडनी कमी चालत असताना डेफेरिप्रोनचा डोस उतरवायची शिफारस नाही. डेफेरासिरॉक्स मात्र ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा अंदाजी वेग) ४० च्या खाली गेल्यावर देऊच नये असं सांगितलं जातं. जे औषध किडनीतून वाहून जातं ते सोसवतं आणि जे शौचावाटे जातं ते बाधतं, हे कोडं सुटल्याशिवाय एकही रेणू कागदावर काढू नये असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

माझ्या मते उत्तर मुक्कामात आहे. रेणू किडनीतून गेला की नाही यापेक्षा तो किडनीच्या नलिकेच्या पेशीत किती वेळ राहिला, आणि राहिला तेव्हा त्याचे लोह धरणारे हात मोकळे होते की बांधलेले, हे मोजायला हवं. डेफेरिप्रोनचं अर्धायुष्य दोन तासांच्या आसपास, आणि यकृत त्याच्या नेमक्या त्याच हायड्रॉक्सिल गटावर ग्लुकुरोनिक आम्ल चढवतं ज्यानं ते लोह धरतं. किडनीपाशी पोहोचणारं बरंचसं डेफेरिप्रोन हात बांधलेलं असतं. डेफेरासिरॉक्सचं अर्धायुष्य ८ ते १६ तास, आणि त्याचा मुख्य ग्लुकुरोनाइड (म्हणजे हे आम्ल चढलेलं रूप) तयार होतो कार्बॉक्सिल गटावर. लोह धरणारे दोन फिनॉल आणि ट्रायझोलचा नायट्रोजन तसेच मोकळे राहतात. दिवसातून एकदा घ्यायची गोळी म्हणून जो गुण आपण वाखाणतो, तोच किडनीच्या पेशीला चोवीस तास उसंत मिळू देत नाही.

ती पेशीही हळवी आहे. नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नळीच्या, सुरुवातीच्या वळणदार भागातल्या पेशींवर गाळून आलेली साखर, फॉस्फेट, बायकार्बोनेट, अमिनो आम्लं परत ओढून घ्यायचं काम असतं. त्यासाठी त्यांच्या पोटात मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) खच्चून भरलेल्या असतात. मायटोकॉन्ड्रियातली श्वसनसाखळी लोह-गंधकाच्या गुच्छांवर चालते, अॅकोनिटेज हे तिथलं एन्झाइमही त्याच गुच्छावर चालतं. डेफेरासिरॉक्स मेदाळ आहे, पडद्यातून सहज घुसतं. वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रियांवर ते घातलं तर त्या फुगतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. मायटोकॉन्ड्रिया दमल्या की साखर परत ओढली जात नाही. मग रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत साखर उतरते, फॉस्फेट आणि पोटॅशियम गळतं, रक्त आम्ल होतं. याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात.

दुसरा त्रास निराळा आहे. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ रुग्णांचं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) थोडं चढतं आणि तिथंच थांबतं. डोस उतरवला की खाली येतं. हा बहुधा रक्तप्रवाहाचा मामला आहे, गाळणीकडे येणारं रक्त कमी होतं. पेशी मेलेली नसते. प्रबंधात या दोन गोष्टी एकाच मथळ्याखाली घालू नका. क्रिएटिनिन चढलं म्हणजे नलिका बिघडली असं नाही, आणि नलिका बिघडूनही क्रिएटिनिन बराच काळ शहाण्यासारखं बसून राहू शकतं. रसायनशास्त्राचे बहुतेक शोधनिबंध फक्त क्रिएटिनिन आणि युरिया मोजून "किडनी सुरक्षित" असं लिहून मोकळे होतात. असा निबंध मी परीक्षणाला आला तर परत पाठवतो.

या क्षेत्रातली सर्वांत शिकवणारी कहाणी डेस्फेरिथायोसिनची. स्ट्रेप्टोमायसिस अँटिबायोटिकस या जिवाणूपासून मिळालेला हा छोटा रेणू १९८० मध्ये नोंदवला गेला. एक पिरिडिन कडं, त्यावर हायड्रॉक्सिल, शेजारी थायाझोलिन कडं, त्यावर कार्बॉक्सिल. तोंडावाटे घेता येतो, लोह झकास काढतो, आणि उंदरांच्या किडन्या पार बिघडवतो. फ्लोरिडा विद्यापीठात रेमंड बर्जरॉन यांच्या गटानं या रेणूवर कित्येक दशकं काढली. पिरिडिनमधला नायट्रोजन काढून टाकला, म्हणजे ते कडं बेंझिनचं झालं, तेव्हा किडनीवरचा मार आतड्याकडे सरकला. मग बेंझिन कड्यावर आणखी एक हायड्रॉक्सिल बसवला. रेणू पाण्याला जवळचा झाला, प्राण्यांत निभावला, आणि डेफेरिट्रिन या नावानं माणसांपर्यंत आला.

डेफेरिट्रिन दिवसाला किलोमागे ५, १०, १५ मिलिग्रॅमला चाललं. मग रोजचा डोस वाढवून तो दोन वेळांत वाटला, सकाळ-संध्याकाळ १२.५. चार-पाच आठवड्यांत तीन रुग्णांचं क्रिएटिनिन किंवा युरिया चढलं आणि चाचणी बंद झाली. बर्जरॉन यांच्या गटानं परत उंदरांकडे जाऊन पाहिलं, तर तोच एकूण डोस दिवसातून एकदा देण्यापेक्षा दोनदा दिल्यावर किडनीला जास्त बाधत होता. हा मुद्दा मी वर्गात दरवर्षी थांबून सांगतो, कारण आपल्याकडे "डोस विभागून दिला की औषध सौम्य होतं" हे गृहीतच धरलेलं असतं. रक्तातलं टोक खाली येतं हे खरं, पण नलिकेच्या पेशीला मिळणारी मोकळी वेळ संपते.

पुढचं पाऊल म्हणून त्यांनी त्या हायड्रॉक्सिलच्या जागी ऑक्सिजनचे अणू मधेमधे असलेली पॉलीइथर शेपटी जोडली. लोह धरणारा भाग जसाच्या तसा. उंदरांत किडनीचा त्रास स्पष्ट घटला. या घराण्यातला एक रेणू डेफेरिटाझोल नावानं मानवी चाचण्यांत बराच पुढं गेला, पण २०१४ मध्ये उंदरांवरच्या विषशास्त्रीय अभ्यासात जे दिसलं त्यामुळे चाचण्या थांबल्या. त्याचाच एक भाऊबंद, एसपी-४२०, थॅलेसेमियाच्या रुग्णांत पहिल्या टप्प्यावर किडनीच्याच तक्रारींनी अडला. म्हणजे शेपटी उपयोगाची होती, पुरेशी नव्हती. निराश व्हायचं कारण नाही, मात्र "उंदरात किडनी स्वच्छ दिसली" या वाक्यावर किती वजन टाकायचं ते यावरून कळतं.

इथं मराठवाड्याचा विषय येतो, आणि तो मी मुद्दाम आणतोय. डेफेरासिरॉक्सच्या औषधपत्रकात लिहिलेलं आहे की लहान मुलांना उलट्या, जुलाब, ताप आला, खाणंपिणं सुटलं, शरीरातलं पाणी कमी झालं, तर हे औषध तेवढे दिवस थांबवावं आणि किडनी तपासावी. आता परभणी-नांदेडचा मे महिना डोळ्यांपुढं आणा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. कित्येक गावांत टँकरची वाट, शहरांतही नळाला पाण्याची पाळी काही दिवसांनी. घरात पाणी मोजून वापरायची सवय लेकरांना पिण्याच्या पाण्यापर्यंत लागलेली असते. त्यात ताप आला की गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोकलं जातं. पाणी कमी झालेल्या शरीरात गाळणीकडे रक्त आणणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर उघडी राहते, आणि हे वेदनाशामक नेमकं प्रोस्टाग्लँडिन थांबवतं. वरून डेफेरासिरॉक्स. तीन बाजूंनी एकाच पेशीला धरलं जातं.

बीड, धाराशिव, जालन्याकडची ऊसतोड करणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळा लागताना परत येतात. पत्रकानुसार पहिला महिना दर आठवड्याला आणि पुढं दर महिन्याला क्रिएटिनिन तपासायचं असतं. कारखान्याच्या तळावर राहणाऱ्या लेकराचं ते कोण करणार? रक्त चढवायला अंबाजोगाईचं किंवा संभाजीनगरचं (घाटी) सरकारी रुग्णालय गाठलं जातं तेव्हाच काय ती तपासणी. किनवट-माहूरकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांची किडनी आजारानंच आधी दुबळी झालेली असते, आणि ज्यांना वारंवार रक्त लागतं त्यांना हीच औषधं.

मी हे सांगतोय ते हळहळ म्हणून नाही. किडनीला कमी बाधणारा रेणू म्हणजे कोणाच्या किडनीला? पोटभर पाणी पिणाऱ्या, दर महिन्याला तपासणी होणाऱ्या रुग्णाला सोसणारा रेणू आपल्याकडे आधीच आहे, डेफेरासिरॉक्सच. फेरिटिन पाहून डोस हलवला, ते ५०० च्या खाली जायला लागल्यावर हात आखडता घेतला, तर बहुतेकांना ते वर्षानुवर्षं चालतं. लोहाचा साठा उतरला आणि डोस तोच राहिला, तेव्हा किडनी तडाख्यात सापडते. हवा आहे तो चूक सोसणारा रेणू. एखादा महिना तपासणी चुकली, दोन दिवस जुलाब झाले, तरी इजा होऊ नये इतकी मोकळीक ज्यात आहे असा. हे ध्येय धरलं की रेणूची रचना आणि चाचणी दोन्ही बदलतात.

(पालकांसाठी: उलट्या-जुलाब असताना औषध द्यायचं की नाही ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि ताप-दुखण्यासाठी इंजेक्शन घेताना "याला लोह काढायची गोळी चालू आहे" हे सांगाच. स्वतःच्या मनानं मात्र महिनोन्महिने औषध बंद ठेवू नका. लोह हृदयात साचलं तर ते किडनीच्या त्रासापेक्षा भारी पडतं. लघवीतली साखर पाहायची कागदी पट्टी स्वस्त असते. मधुमेह नसताना ती रंग बदलली तर डॉक्टरांना लगेच दाखवा.)

आता तुमच्या प्रयोगशाळेतलं काम. एम. फार्म.च्या वेळेत डेस्फेरिथायोसिनच्या वाटेला जाऊ नका. त्यातलं असममित केंद्र सांभाळण्यातच वर्ष जाईल. डेफेरासिरॉक्सची रचना मात्र हाताळायला सोपी आहे. सॅलिसिलिक आम्ल आणि सॅलिसिलामाइड यांपासून बेंझॉक्साझिनोन तयार होतं, आणि ते ४-हायड्रॅझिनोबेंझोइक आम्लाबरोबर इथेनॉलमध्ये उकळलं की ट्रायझोल कडं बंद होतं. दोन पायऱ्या. महत्त्वाचं म्हणजे हायड्रॅझिनमधून येणारं ते तिसरं कडं लोह धरण्यात भागच घेत नाही. त्यावरचा कार्बॉक्सिल ही आपल्याला मिळालेली मूठ आहे. पकड न बिघडवता तिथं काहीही बांधून पाहता येतं.

मी असतो तर तीन-चारच रेणू केले असते, पण प्रत्येक एका प्रश्नाला जोडलेला. कार्बॉक्सिलच्या जागी सल्फोनेट: कायम ऋणभार, मेदाळपणा खाली, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून घुसणं अवघड. कार्बॉक्सिलवर अमाइड करून आखूड पॉलीइथर शेपटी: भार नाही, पण पाण्याला जवळचा. आणि एक रेणू असा की ज्याचे दोन्ही फिनॉल मिथिल लावून बंद केले आहेत. तो लोह धरूच शकणार नाही. हा तिसरा रेणू विद्यार्थी हमखास गाळतात. खरं तर सर्वांत जास्त माहिती तोच देतो. पेशी त्यानंही मेल्या तर दोष लोहचोरीचा नाही, रेणूच्या अंगाचाच आहे. पेशी तगल्या तर लोहचोरीचा संशय बळावतो. त्याच कामासाठी मूळ औषध आधीच लोहानं भरून, म्हणजे संयुग करूनही घालून पाहा.

सल्फोनेटबद्दल एक सावधगिरी. ऋणभारित सेंद्रिय रेणू नलिकेच्या पेशीत रक्ताच्या बाजूनं ओढून घ्यायला ओएटी-१ आणि ओएटी-३ हे वाहक बसलेले असतात. सिडोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध याच दारानं आत जाऊन किडनी बिघडवतं. मायटोकॉन्ड्रियाचं दार बंद करायच्या नादात पेशीचं पुढचं दार सताड उघडलं, असं व्हायला नको. शिवाय भार वाढला की पोटातून शोषण घटतं आणि गोळीचं पुन्हा इंजेक्शन होतं. मेदाळपणा कमी करायचा पण आतड्यातून जाण्यापुरता ठेवायचा, ही अरुंद पट्टी आहे. लॉग डी (मेदाळपणाचं माप) पीएच ७.४ ला मोजा, संगणकानं दिलेला आकडा छापू नका.

मला स्वतःला जास्त भरवसा वाटतो तो डेफेरिप्रोनकडून उचललेल्या धड्यावर: रेणूला असं वळण द्यायचं की काम झाल्यावर शरीरानंच त्याचे हात बांधावेत, पण डेफेरिप्रोनइतक्या घाईनं नव्हे. फिनॉलच्या शेजारी गट बसवून ग्लुकुरोनाइड कुठं आणि किती वेगानं चढतो ते हलवता येईल का, यावर काम थोडं झालंय. डेफेरिप्रोनच्या, म्हणजे हायड्रॉक्सीपिरिडिनोन घराण्यात लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट हायडर यांच्या परंपरेतल्या मंडळींनी ग्लुकुरोनाइड टाळायचे प्रयत्न भरपूर केले. उलट बाजूनं, म्हणजे किडनी वाचवायला तो हवा तिथं आणायचा, असं कोणी फारसं पाहत नाही.

मोठ्या रेणूंची वाट वेगळी. डेफेरॉक्सामिन डेक्स्ट्रान किंवा स्टार्चला बांधलं की ते रक्तात टिकतं आणि पेशीत शिरत नाही. हे १९८९ मध्येच दाखवलं गेलं होतं. २०१९ मध्ये डेफेरॉक्सामिन पॉलीलायसिनला जोडून साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण बनवले गेले, म्हणजे लोह धरून ते किडनीच्या गाळणीतून सरळ निघून जावेत. मुक्काम नाही, नुसता प्रवास. कल्पना देखणी आहे. पण धनभार उघडा राहिला तर मेगॅलिन हा पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर) असे कण नलिकेच्या पेशीत ओढून घेतो, जेंटामायसिन या प्रतिजैविकाला ओढतो तसंच, म्हणून भार झाकणं हेच तिथलं मुख्य काम. आणि सुई काही सुटत नाही. पेरॉक्साइड वाढलेल्या पेशीतच जागे होणारे बोरॉनवाले पूर्वबंधक ड्यूक विद्यापीठात कॅथरिन फ्रँझ यांच्या गटानं केले आहेत. वाचा जरूर, पण रोज १२ मिलिग्रॅम लोह उपसायचं काम त्यांचं नाही.

पेशींवरच्या चाचणीत तीन ठिकाणी माणसं फसतात. किडनी-नलिकेच्या एचके-२ पेशी मिळायला सोप्या, पण त्यांच्यात ते ओएटी वाहक नावापुरतेच असतात. आरपीटीईसी (माणसाच्या किडनीतून थेट घेतलेल्या नलिकापेशी) मिळाल्या तर त्या घ्या, नाहीतर ही मर्यादा लिहून मोकळ्या व्हा. दुसरं, पेशी वाढवायच्या नेहमीच्या माध्यमात ग्लुकोज इतकं असतं की पेशी मायटोकॉन्ड्रियाशिवायही मजेत जगतात आणि तुमचा विषारी रेणू पास होतो. ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज घाला, मग खरं चित्र दिसतं. तिसरं, डेफेरासिरॉक्स रक्तात ९९ टक्के अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन नसलेल्या माध्यमात ते अवाजवी विषारी दिसतं आणि तुमचा कमी चिकटणारा नवा रेणू फुकटचा शहाणा ठरतो. आपल्याकडच्या कुपोषित मुलांत अल्ब्युमिन कमी असतं हे लक्षात ठेवून दोन पातळ्यांवर तपासणी करा. मोजायचं काय? पेशी मेल्या की जगल्या एवढंच नको. अॅकोनिटेजची क्रिया, ऑक्सिजनचा वापर, आणि कॅल्सिन रंगानं पेशीतलं सुटं लोह.

प्राण्यांचा टप्पा तुमच्या प्रबंधात बसेल असं वाटत नाही, पण पुढं कोणी केला तर निरोगी, लोह न चढवलेल्या उंदरावरच थांबू नये. त्याच्याकडे जास्तीचं लोहच नसतं, औषध त्याचं गरजेचं लोह नेतं आणि चांगला रेणूही वाईट ठरतो. लोह चढवलेला गट हवाच. आणि मी तिसरा गट मागेन: कमी मिठाच्या आहारावरचे उंदीर. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा किडनीवरचा परिणाम पाहायला ही रीत जुनी आहे. शरीरातलं मीठ-पाणी कमी असताना औषध कसं वागतं ते त्यात उघड होतं. लघवीत किम-१ (नलिकेच्या इजेची खूण असलेलं प्रथिन) आणि साखर मोजा, आणि डोस एकवेळ विरुद्ध दोनवेळ अशी तुलना ठेवा.

शेवटी दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी, ज्यांनी निकाल उलटेपालटे होतात. तुमची संयुगं फेनिलहायड्रॅझिनच्या जातीपासून बनणार, आणि ही जात स्वतःच पेशींना विषारी आहे, लाल पेशी फोडते. नमुन्यात ती अर्धा टक्का उरली तरी तुम्ही तिचंच विष मोजत बसाल. एचपीएलसी (शुद्धता तपासायची चाचणी) स्वच्छ आल्याशिवाय नमुना पेशींजवळ नेऊ नका. दुसरं, लोहबंधक काचेवरचं, स्पॅच्युल्यावरचं, पाण्यातलं लोह उचलतो आणि तुमच्या नकळत अर्धा भरलेला पेशींपर्यंत पोहोचतो. काचसामान सौम्य नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवा, धातूचा चमचा वापरू नका, आणि विभागातलं डिस्टिल्ड पाणी कुठल्या बोअरचं आणि किती दिवसांच्या प्लँटचं आहे ते आधी विचारा. लातूरला त्याची तपासणी केल्याशिवाय मी तरी पहिला प्रयोग लावणार नाही.